ऑस्ट्रेलियाच्या पेनीवरील मुंबईची खूण

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काही आठवड्यांपूर्वी जुन्या परदेशी नाण्यांविषयी एक लेख वाचण्यात आला. त्यात ऑस्ट्रेलियाच्या तांब्याच्या पेनीला दोन ओळी मिळाल्या होत्या आणि त्या दोन्ही ओळी किमतीविषयी होत्या. अशी पेनी घरात सापडली तर लाखो रुपये मिळू शकतात, असा त्यांचा आशय होता. गेली बावीस वर्षे मी मेलबर्नमध्ये राहतो, ही नाणी जमवतो आणि त्यांच्या ठशांतील फरक भिंगाखाली पाहत बसतो. त्या लेखातून जे राहून गेले, त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे आणि मुंबईतील वाचकांकडून मला काही हवेही आहे, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आधी नाण्याची ओळख करून देतो. ऑस्ट्रेलियाने १९११ पासून १९६४ पर्यंत स्वतःच्या पेनी आणि अर्ध्या पेनी पाडून घेतल्या आणि १४ फेब्रुवारी १९६६ रोजी तेथे दशमान पद्धतीचा डॉलर आला, तेव्हा या नाण्यांचा व्यवहार संपत गेला. त्याआधी बारा पेनींचा एक शिलिंग आणि दोनशे चाळीस पेनींचा एक पौंड असा हिशेब होता. बोलण्यात आपण यांना तांब्याची नाणी म्हणतो, परंतु खरा धातू कांसे आहे, म्हणजे ९७ टक्के तांबे, अडीच टक्के जस्त आणि अर्धा टक्का कथील. पेनीचे वजन ९.४५ ग्रॅम आणि व्यास ३०.८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातील चांदीच्या रुपयाच्या जवळपास आकाराची. अर्धी पेनी ५.६७ ग्रॅम वजनाची आणि २५.५ मिलिमीटर व्यासाची. अर्ध्या पेनीचा हा व्यास वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे.

माझे सारे आयुष्य टूलरूममध्ये गेले. आधी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि नंतर येथे मी पंच आणि डाय, म्हणजे धातूवर आकार उठवणारी अवजारे आणि ठसे, बनवण्याचेच काम केले. त्यामुळे नाणे हातात आले की माझी नजर राजाच्या चेहऱ्यावर न जाता ते ज्या ठशातून निघाले त्या ठशाकडे जाते. ठशात जे खोलगट असते ते नाण्यावर उठून येते. ठशाला केसाएवढा तडा गेला तर नाण्यावर तेवढीच उंच रेघ उमटते, आणि ठशातील अक्षर वंगणाने व धातूच्या भुकटीने भरले तर नाण्यावर ते अक्षर पुसट होते किंवा उमटतच नाही. नाण्यांचे प्रकारभेद जमवणे म्हणजे या ठशांचा, त्यांच्या झिजेचा, दुरुस्तीचा आणि ते कोणत्या टांकसाळीत बसवले गेले याचा माग काढणे होय. हे काम किमतीच्या आकड्यात मावत नाही.

ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे कांस्य नाणे निघू लागले तेव्हा ते त्या देशात पाडले जात नव्हते. मेलबर्न, सिडनी आणि पर्थ येथे टांकसाळी होत्या, पण त्यांचे मुख्य काम सोन्याचे सॉव्हरिन पाडण्याचे होते. पहिल्या पेनी लंडनहून आल्या. १९१२ आणि १९१५ मधील काही बर्मिंगहॅमच्या हीटन यांच्या खाजगी टांकसाळीतून आल्या आणि त्यांवर ‘एच’ हे अक्षर आहे. पहिल्या महायुद्धात हे काम कलकत्त्याच्या टांकसाळीकडे गेले. १९१६, १९१७ आणि १९१८ या तीन वर्षांच्या पेनी आणि अर्ध्या पेनी कलकत्त्यात पाडल्या गेल्या आणि त्यांवर इंडियाचा ‘आय’ आला. तिन्हींपैकी १९१८ ची पेनी कमी सापडते आणि चांगल्या स्थितीत तर फारच कमी. मेलबर्नच्या टांकसाळीने पेनी पाडायला सुरुवात केली ती १९१९ मध्ये.

या कलकत्त्याच्या पर्वातील एक नाणे संग्राहकांच्या तोंडी कायम असते. १९१६ मध्ये कधीतरी अर्ध्या पेनीच्या यंत्रात वरचा ठसा चुकीचा बसला. ऑस्ट्रेलियाच्या नाण्यावरील राजाऐवजी आपल्या पाव आण्यावरील, मुकुट आणि झगा घातलेला राजा एका बाजूला आला आणि दुसऱ्या बाजूला ‘हाफ पेनी’. पाव आण्याचा व्यास २५.४ मिलिमीटर आणि अर्ध्या पेनीचा २५.५, म्हणजे दोन्ही ठसे एकमेकांसमोर सहज बसण्याजोगे होते. ज्याने कधी प्रेसवर काम केले आहे त्याला अशी चूक कशी घडते हे वेगळे सांगावे लागत नाही. पाळी बदलताना शेजारच्या फळीवरचा ठसा हाती आला की पुरे. अशी अर्धी पेनी जगात आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ज्ञात आहे. मी ती प्रत्यक्ष पाहिलेली नाही, फक्त छायाचित्रात पाहिली आहे, आणि ते छायाचित्र पाहताना मला त्या अनाम कारागिराविषयी विलक्षण आपुलकी वाटली.

दोन्ही नाण्यांवरील राजाची प्रतिमा एकाच शिल्पकाराची आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. बर्ट्रम मॅकेनल हा मेलबर्नमध्ये जन्मलेला शिल्पकार. पाचव्या जॉर्जचा चेहरा ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या नाण्यांसाठी त्याने घडवला आणि आपल्या रुपयावरील मुकुटधारी राजाही त्याचाच. १९११ च्या ज्या रुपयावर राजाच्या पदकमाळेतील हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी ठसा सुधारावा लागला, तो रुपया आपल्याकडील संग्राहकांना चांगला परिचित आहे.

आता १९३० च्या पेनीकडे येतो, कारण लाखोंची जी गोष्ट सांगितली जाते ती हिचीच. ते जागतिक मंदीचे वर्ष होते, नव्या पेनींना मागणी नव्हती, आणि तरीही मेलबर्नच्या टांकसाळीत त्या वर्षनामाच्या थोड्या पेनी पाडल्या गेल्या आणि व्यवहारात गेल्या. लोकांच्या खिशात वर्षानुवर्षे फिरल्यामुळे त्या बहुतेक झिजलेल्या अवस्थेतच मिळतात. माझ्या दृष्टीने या नाण्याची खरी गोष्ट त्याच्या ठशात आहे. पाचव्या जॉर्जच्या पेनीच्या दर्शनी बाजूचे दोन मुख्य ठसे संग्राहक वेगळे ओळखतात, एक ‘इंग्लिश डाय’ आणि दुसरा ‘इंडियन डाय’. नाण्यावरील लॅटिन मजकुरातील ‘ओ-एम-एन’ या अक्षरांपैकी ‘एन’ची शेवटची उभी रेघ कडेच्या मण्यांच्या रांगेकडे नेऊन पाहिली की दोहोंत ती वेगळ्या ठिकाणी पोहोचते, आणि एवढ्यावरून ठसा कोणता ते ठरते. दुसऱ्या ठशाला इंडियन म्हणतात, कारण ही घडण प्रथम कलकत्त्याच्या पेनींवर दिसली. नंतर मेलबर्नमध्येही ती वापरली गेली. आज ज्ञात असलेल्या १९३० च्या जवळजवळ सगळ्या पेनी याच इंडियन डायच्या आहेत. म्हणजे ऑस्ट्रेलियातील सर्वांत प्रसिद्ध नाण्याच्या चेहऱ्याचे नाव आपल्या देशावरून पडलेले आहे.

या नाण्याच्या बनावट प्रती पुष्कळ आहेत. दुसऱ्या वर्षाच्या पेनीवरील आकडा खरवडून किंवा चिकटवून १९३० केलेला असतो, तर काही नाणी सरळ ओतीव असतात. घरच्या तराजूवर वजन, भिंगाखाली आकड्याच्या मुळाशी धातूचा रंग आणि ‘एन’ची ती रेघ, एवढे तपासले तरी बहुतेक फसवणूक उघडी पडते. एका परिचिताने समाजमाध्यमावरील विक्रेत्याकडून घेतलेली अशी पेनी मला दाखवायला आणली होती. वजन साडेआठ ग्रॅमही भरले नाही. निवृत्तीच्या पैशांतील मोठी रक्कम त्याने मोजली होती आणि मला ते सांगताना त्याचा आवाज बसला होता. भारतातही ‘जुनी नाणी विका, लाखो मिळवा’ अशा जाहिराती किती फिरतात हे मी पाहतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या नावाने शुल्क किंवा कर मागणाऱ्या अशा जुन्या नाण्यांच्या व्यवहारांपासून सावध राहण्याचे जाहीर आवाहन केले होते. म्हणूनच वर्तमानपत्राने नाण्याच्या किमतीआधी त्याची परीक्षा कशी करावी हे सांगावे, असे मला कळकळीने वाटते.

प्रकारभेदांची दुनिया १९३० च्या पेनीपेक्षा पुष्कळ मोठी आहे आणि ती सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी आहे. १९१९ आणि १९२० च्या पेनी घ्या. ‘वन पेनी’ या शब्दांच्या वर आणि खाली जी वळणदार नक्षी आहे, तिच्यालगत कधी एक बारीक टिंब असते, कधी दोन, कधी एकही नाही, आणि टिंब खालच्या नक्षीच्या वर आहे की खाली यावरून नाणे सिडनीचे की मेलबर्नचे असा अंदाज केला जातो. १९२० च्या पेनींचे हे सारे टिंबभेद एकत्र करायला मला सहा वर्षे लागली. १९३१ च्या एका प्रकारात वर्षातील शेवटचा, एकाचा आकडा इतर आकड्यांपेक्षा खाली घसरलेला आहे. १९३३ च्या काही पेनींवर शेवटच्या तिनाखाली दोनाचा आकडा स्पष्ट दिसतो, कारण १९३२ चा ठसा वाया जाऊ नये म्हणून त्यावरच नवा आकडा ठोकला गेला. असा काटकसरीचा पुरावा हातात धरला की मंदीचे ते दिवस कोणत्याही वर्णनापेक्षा मला अधिक जवळून दिसतात.

झीज मोजण्याची येथील रीतही सांगण्यासारखी आहे. पाचव्या जॉर्जच्या मुकुटाच्या पट्टीवर मध्यभागी एक हिरा आणि आठ मोती आहेत. नाणे वापरात झिजते तसे हे मोती एकेक करून पुसले जातात. म्हणून येथील संग्राहक ‘सहा मोत्यांची’, ‘आठ मोती आणि पूर्ण हिऱ्याची’ असे म्हणूनच नाण्याची प्रत सांगतात. एका मोत्याच्या फरकाने किंमत कितीतरी बदलते.

मुंबईचा संबंध दुसऱ्या महायुद्धात येतो. तोपर्यंत सहाव्या जॉर्जचे राज्य आले होते आणि १९३८ पासून पेनीच्या मागील बाजूवर जॉर्ज क्रूगर ग्रे याने रेखाटलेला उडी मारणारा कांगारू आला होता. युद्धकाळात सुट्या पैशांची गरज वाढली आणि मेलबर्न व पर्थच्या टांकसाळींना ती पुरी करता येईना, तेव्हा १९४२ आणि १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पेनी आणि अर्ध्या पेनी मुंबईच्या टांकसाळीत पाडल्या गेल्या. त्या ओळखायच्या कशा, तर राजाच्या मानेखाली बारीक ‘आय’ आहे आणि कांगारूच्या बाजूला ‘पेनी’ या शब्दाच्या आधी आणि नंतर एकेक टिंब आहे. काही नगांवर तो ‘आय’ दिसतच नाही आणि मग केवळ टिंबांवरून नाणे मुंबईचे म्हणून ओळखावे लागते. हे टिंब म्हणजे कोणीतरी कठीण पोलादाच्या ठशावर सुईसारख्या पंचाने दिलेला एक टोला आहे.

मला अशी पहिली पेनी एका शेजारणीच्या घरी मिळाली. त्या आजीबाई घर आवरून मुलाकडे जाणार होत्या आणि अंगणात जुन्या वस्तू विकायला मांडल्या होत्या. बिस्किटाच्या डब्यात साठ-सत्तर पेनी होत्या. त्यांच्या यजमानांच्या, टू-अप खेळण्याच्या. टू-अप हा छापा-काट्याचाच सैनिकी जुगार. लाकडी फळीवर दोन पेनी ठेवून हवेत उडवायच्या, आणि अजूनही २५ एप्रिलच्या अँझॅक दिनी, म्हणजे युद्धातील सैनिकांच्या स्मरणदिनी, तो खेळला जातो. डबा मी थोड्या डॉलरना घेतला. रात्री भिंगाखाली एका १९४३ च्या पेनीवर राजाच्या मानेखाली मला ओरखडा दिसला आणि दिवा जवळ घेतल्यावर तो ओरखडा ‘आय’ ठरला. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी टाऊन हॉलजवळच्या टांकसाळीच्या दगडी भिंतीवरून कितीदा गेलो होतो. त्या भिंतीआड घडलेली वस्तू ऑस्ट्रेलियातल्या कोणा सैनिकाच्या खिशातून फिरून, साठ वर्षांनी, एका परक्या आजीच्या डब्यातून माझ्या तळहातावर आली होती. मी ती विकलेली नाही आणि विकणारही नाही. बाजारात तिची किंमत काही डॉलरच्या पलीकडे नाही, कारण मुंबईने ही नाणी लाखोंच्या संख्येने पाडली होती.

या पेनीवर राजाच्या नावाभोवती जो संक्षिप्त लॅटिन लेख आहे, त्याच्या शेवटी ‘इंड. इंप.’ अशी अक्षरे आहेत, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. गवालिया टँकच्या मैदानावर ‘चले जाव’चा ठराव गाजला ते वर्ष १९४२ आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, हे शब्द ऑस्ट्रेलियाच्या नाण्यांवर उमटत होते. दुसऱ्या वर्षी, १९४३ मध्ये, आपल्याकडे तांबे वाचवण्यासाठी पैशाच्या मधोमध भोक पाडले गेले. तो दोन ग्रॅमचा भोकाचा पैसा अनेक घरांत अजून सापडेल. त्याच वर्षी मुंबईत साडेनऊ ग्रॅमची भरीव पेनी परदेशासाठी निघत होती. ही दोन नाणी मी माझ्या संग्रहात शेजारी शेजारी ठेवली आहेत. १९४९ च्या ऑस्ट्रेलियन पेनीवर ‘इंड. इंप.’ उरलेले नाही आणि तीही त्यांच्याच बाजूला आहे. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्याची नोंद मेलबर्नच्या टांकसाळीने अशी ठशातील अक्षरे काढून केली.

नाणी हाताळण्याविषयी एक विनंती जाता जाता केलीच पाहिजे. आपल्याकडे तांब्याचे काहीही दिसले की ते चिंच किंवा आमसूल लावून लखलखीत करायची सवय आहे, आणि देवघरातील ताम्हनासाठी ती योग्यच आहे. नाण्याला मात्र त्यामुळे कायमची इजा होते. कांस्यावर वर्षानुवर्षांत चढलेला तपकिरी थर हेच त्याचे कवच असते. आम्लाने तो थर जातो आणि त्याबरोबर वरचा धातू आणि बारीक टिंबेही जातात. माझ्या घरी सुट्टीला आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी प्रेमापोटी माझ्या अकरा पेनी अशा घासून ठेवल्या होत्या. त्यांत १९१८ ची कलकत्त्याची एक होती. ती आता तांबूस, गुळगुळीत आणि निर्जीव दिसते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतही नाणी ठेवू नयेत, त्यातून निघणाऱ्या द्रव्याने त्यांवर हिरवट चिकट डाग धरतात. कागदी पाकीट आणि कोरडी जागा पुरेशी आहे, आणि नाणे नेहमी कडेने धरावे.

ऑस्ट्रेलियातील संग्राहकांनी या नाण्यांवर कमालीच्या चिकाटीने काम केले आहे. कडेचे मणी मोजले, अक्षरांचे पाय सपाट की गोलाकार ते पाहिले, प्रत्येक टिंबाची जागा ठरवली. मुंबईच्या पेनीवरील दोन टिंबांची नोंद त्यांच्या प्रत्येक सूचीत आहे. ती टिंबे ज्यांच्या हातांनी ठशावर पडली त्यांची नावे मात्र माझ्या पाहण्यात कुठेही आलेली नाहीत. १९४२-४३ मध्ये मुंबईच्या टांकसाळीत ठसे कोरणारे, प्रेस चालवणारे, नाणी मोजून पिशव्यांत भरणारे लोक कोण होते? त्यांतले बरेच मराठी असणार आणि त्यांची नातवंडे आज आपल्या दैनिकाचे वाचक असणार, असा माझा अंदाज आहे. त्यांच्या घरी एखादे नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, टांकसाळीच्या अंगणात काढलेले एखादे छायाचित्र किंवा नुसती आजोबांनी सांगितलेली आठवण असेल, तर ती त्यांनी लिहून काढावी, तारखेसह आणि जमेल तितक्या तपशिलाने, आणि आपण ती छापावी, अशी माझी विनंती आहे. ते ऑस्ट्रेलियाचे नाणे पाडत आहेत हे त्यांना सांगितले होते का, कांगारू पाहून ते काय म्हणाले, काम किती पाळ्यांत चाले, ठसे मुंबईतच तयार झाले की बाहेरून आले, अशा प्रश्नांची उत्तरे नाण्यावर सापडत नाहीत. त्या पिढीतील कोणी हयात असेल तर वय शंभरीच्या आसपास असेल, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकण्याजोगे नाही.

आपण या विषयाला पुरवणीत जागा देणार असाल तर १९४३ च्या पेनीची दोन्ही बाजूंची मोठी छायाचित्रे पाठवण्यास मी तयार आहे. त्यांत ‘आय’ आणि दोन्ही टिंबे स्वच्छ दिसतात.

कळावे,
आपला नम्र,
मेलबर्नमधील एक वाचक